काचताईची दुसरी खेप

काचताईला काचताई हे नाव पहिल्यांदा कुणी दिलं, ते आता कुणालाच सांगता येत नाही. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत तिचं टेबल. पुढे मालक काका गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवत, आरसा धरत, गोड बोलत बसायचे, आणि मागे ही मान खाली घालून काचा कापायची, कडा घासायची, फ्रेममध्ये बसवून उजेडाकडे धरायची. काचेचा मध्य केसभर जरी सरकलेला दिसला तरी काच परत काढायची. "माणसाचं डोकं दुखणार आठवडाभर, आणि शिव्या खाणार नंबर काढणारा," असं म्हणायची. बावीस वर्षं झाली तिला या कामाला. त्या भागातली निम्मी माणसं जग बघतात ते तिच्या हातच्या काचांतून.

कामात काटेकोर, तशीच घरात. तिला धास्ती एकाच गोष्टीची, आयत्या वेळच्या गोंधळाची. पाहुणा न सांगता दारात उभा राहिला तर तिला घाम फुटायचा. नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. त्याच्या ड्यूटीचा तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेला असे, आणि घरातलं सगळं त्या तक्त्याप्रमाणे हलत असे. सासूबाई म्हणायच्या, "हिला शिंक जरी यायची असली तरी आधी कॅलेंडर बघेल."

तर अशा बाईला दिवस गेले.

आनंद झालाच, पण आनंदाच्या पाठोपाठ भीती आली. थोरल्या बहिणीचं बाळंतपण तिने लग्नाआधी जवळून पाहिलेलं. बहिणीला सव्वीस तास कळा आल्या होत्या, आणि त्या सव्वीस तासांची हकीकत ती पुढे इतकी रंगवून सांगायची की ऐकणाऱ्याच्याच पोटात कळ यावी. शिवाय त्या दोन-चार वर्षांत आजूबाजूला एक नवीनच पद्धत पडली होती. समोरच्या इमारतीतली पार्लरवाली, औषधवाल्याची सून, डेपोतल्या क्लार्कबाई, सगळ्या ऑपरेशनची तारीख घेऊन गेल्या आणि बाळ घेऊन परत आल्या. ना कळा, ना धावपळ. पार्लरवाली म्हणाली, "अगं, दाताच्या डॉक्टरकडे जातो ना, तसं. सकाळी गेले, दुपारी सगळ्यांना फोटो पाठवले." काचताईला हे ऐकून फार बरं वाटलं. तारीख! तिला हवं होतं तेच.

ती ज्या डॉक्टरबाईंकडे जायची त्या जुन्या, दुकानाच्याही गिऱ्हाईक. त्यांच्या प्रसूतिगृहात ऑपरेशनांची नावं लिहायला एक फळा होता. तिथल्या नर्सबाई तो पुसता पुसता म्हणाल्या, "पूर्वी आठवड्याला दोन नावं असायची यावर. आता खडूच पुरत नाही."

डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवलं. "हे बघ, सिझेरियनशी माझं वैर नाही. गरज पडली तर मी एक मिनिट थांबत नाही. पण तुझं बाळ डोकं खाली करून मस्त बसलंय, तुझं ब्लडप्रेशर व्यवस्थित आहे. मग पोट कशाला उघडायचं? रक्त जास्त जातं, टाके चिघळू शकतात, बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो. आणि पुढच्या खेपेला..."

"पुढच्या खेपेचं पुढच्या खेपेला बघू, डॉक्टर," काचताई म्हणाली. "मला ते कळा कधी येतील, कुठे येतील, हे नवरा गावाला असताना झालं तर कसं, ते सहनच होत नाही. झोप लागत नाही मला."

"झोप न लागणं हेही कारणच आहे, मी नाही म्हणत नाही. पण निदान दहा दिवस तरी पुढे ढकल. बाळाची छाती अजून तयार होते आहे."

दहा दिवस पुढे ढकलले तर नवऱ्याची रजा संपत होती. डॉक्टरबाईंनी दोनदा समजावलं आणि तिसऱ्या वेळी तारीख दिली. काचताईने कागदावर सही केली. कागदावर बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं होतं. दुसऱ्यांच्या नजरेची इतकी काळजी वाहणाऱ्या या बाईने ते धड वाचलंही नाही.

मुलगा झाला. रडला, आणि मग कण्हल्यासारखा आवाज काढत भराभर श्वास घ्यायला लागला. त्याला नळ्या लावून काचेच्या पेटीत ठेवलं, तीन दिवस. काचताईला पहिल्या दिवशी तो दिसला तो नवऱ्याच्या फोनमध्ये. चौथ्या दिवशी मुलगा हातात आला आणि आठव्या दिवशी तिला ताप भरला. टाक्यांत पू झाला होता. पुढचा दीड महिना रोज ड्रेसिंग, आणि उठता-बसता पोटाला हात. सासूबाईंनी मुलाला आंघोळ घातली, तिचे केस विंचरले, आणि तोंडातून एक शब्द वाकडा काढला नाही.

सगळं निभावलं. मुलगा गुटगुटीत झाला, काचताई कामावर रुजू झाली. दुकानात येणाऱ्या पोटुशा बायका विचारायच्या, "तुम्हीही तारीख घेतली होती ना? कसं झालं?" तर ती सरळ सांगायची, "छान झालं." पेटीतले तीन दिवस, पू, ड्रेसिंग, काही नाही. लोकांसमोर आपलं रडगाणं कशाला गायचं, असा तिचा हिशेब. त्या "छान झालं"च्या भरवशावर निदान चारजणींनी तारखा घेतल्या असतील. पुढे तिला ते आठवून फार लागायचं.

पाच वर्षांनी पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यात सोनोग्राफीला गेली. तिथला डॉक्टर तरुण होता, कमी बोलणारा, आणि त्याचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. काचताई पडल्या पडल्या तेच बघत होती. उजवी दांडी सैल आहे, एक स्क्रू पिळला की झालं, असं तिच्या मनात चाललेलं. डॉक्टर एका जागी थांबला. चष्मा वर सारला. पुन्हा तीच जागा बघितली. मग म्हणाला, "बाहेर जाऊन भरपूर पाणी पिऊन या. मला पुन्हा बघायचंय."

बाहेर तीस माणसं नंबर लावून बसली होती. तरी त्याने तिला पुन्हा आत घेतलं आणि पंचवीस मिनिटं तपासलं.

"आधीचं सिझेरियन आहे ना?"

"हो."

"बाळाला पोसणारी वार खाली सरकलेली आहे, आणि बरोबर जुन्या टाक्यांच्या जागेवर बसली आहे. नुसती बसलेली वाटत नाही. आत रुजलेली वाटते. तुम्ही आजच तुमच्या डॉक्टरांना भेटा. आजच, उद्या नाही."

डॉक्टरबाईंनी फोटो पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाळ झालं की वार आपोआप सुटते," त्या म्हणाल्या. "पण गर्भपिशवीवर जुना व्रण असला आणि वार नेमकी त्यावर धरली, तर कधी कधी ती झाडाच्या मुळांसारखी आत शिरते. मग ती सुटत नाही, आणि ओढली तर रक्त थांबत नाही. असं थोड्याच जणींना होतं. पण होतं."

"पहिल्या वेळी तुम्ही हेच सांगत होतात ना? पुढच्या खेपेला, म्हणून?"

"हेच सांगत होते."

"मी ऐकून घेतलं नाही."

"तू थांबवलंस हे खरं, पण मी थांबायला नको होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता ते जाऊ दे. हे काम माझ्या इथलं नाही. इथे हात घातला तर तू माझ्या हातून जाशील. मी मोठ्या इस्पितळात फोन करते." आणि तिच्यासमोरच त्यांनी फोन लावला.

मोठ्या इस्पितळातल्या सर्जनबाई बुटक्या, ठणठणीत आवाजाच्या. त्यांनी काचताईला आणि नवऱ्याला एका कागदावर चित्र काढून दाखवलं. चौतिसाव्या आठवड्यात भरती व्हायचं. बाळाच्या छातीला बळ यावं म्हणून इंजेक्शनं द्यायची. पस्तिसाव्यात ऑपरेशन. बाळ वरच्या बाजूने काढायचं, वारेला हात लावायचा नाही, पिशवी वारेसकट काढून टाकायची.

"पिशवी जाणार?" नवऱ्याने विचारलं.

"पिशवी जाणार, बायको राहणार. वेळेआधी कळलंय म्हणून हे एवढ्या निवांतपणे बोलतोय आपण. न कळता कळा सुरू झाल्या असत्या तर बोलायला वेळच नसता. पण मला रक्त लागेल. रक्ताच्या दहा पिशव्या तरी हाताशी हव्यात. यांचा गट ओ निगेटिव्ह आहे, तो सहज मिळत नाही. कामाला लागा."

शेकडो किलोमीटर बस हाकणारा तो माणूस डेपोत गेला आणि त्याला बोलताच येईना. कंट्रोलरच्या खिडकीसमोर नुसता उभा राहिला. कंट्रोलरने त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली, वाचली, आणि माईकवर गाड्यांच्या वेळा सांगतात त्याच सुरात सांगितलं, "ओ निगेटिव्ह रक्त असलेल्यांनी आणि आपला गट माहीत नसलेल्यांनी खिडकीपाशी यावं." बेचाळीस जण आले. ड्रायव्हर, कंडक्टर, टायर बदलणारे, गाड्या धुणाऱ्या बायका. रक्तपेढीत तपासणी झाली तेव्हा बेचाळिसांतले चौघेच जुळले. एक दांडगा कंडक्टर सुई बघूनच आडवा झाला आणि वर सगळ्यांना सांगत सुटला, "मी पण गेलो होतो हं!" ज्यांचा गट जुळला नाही, त्यांनीही दिलं. रक्तपेढीवाले म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल. इकडे मालक काकांनी दुकानाची जुनी वही काढली आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन लावला. दुहेरी काचेचा चष्मा लावणाऱ्या एक निवृत्त मास्तरीणबाई स्वतःच्या दोन्ही मुलांना हाताला धरून घेऊन आल्या. मुलं कसली, पन्नाशीचे बाप्ये, पण आईपुढे हूं की चूं नाही.

काचताई तोपर्यंत वॉर्डात होती. नुसतं पडून राहायचं म्हणजे तिला शिक्षाच. तिने काकांकडून बारका स्क्रू-ड्रायव्हर आणि पुसायचं फडकं मागवून घेतलं. आठवडाभरात वॉर्डातल्या नर्स, आया, शेजारच्या खाटेवरच्या बाईची सासू, सगळ्यांचे चष्मे ताठ झाले. सर्जनबाई राउंडला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही भरती पेशंट आहात की दुकानाची शाखा?"

"तुमचाही द्या," काचताई म्हणाली. "उद्या तुम्हाला नीट दिसायला हवं."

सर्जनबाईंनी हसत चष्मा काढून दिला. काचताईने तो पुसला, दांड्या सारख्या केल्या, आणि परत देताना दोन्ही हातांत जरा जास्तच वेळ धरला. सर्जनबाईंनी ते हात क्षणभर धरून ठेवले.

ऑपरेशन सकाळी आठला सुरू झालं. तिला आठवतं ते एवढंच, की भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "घरी कोण कोण आहे?" आणि ती "मुलगा" म्हणेपर्यंत सगळं विझलं. बाकीचं तिला मागाहून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. मुलगी पहिल्या काही मिनिटांतच बाहेर आली, सव्वादोन किलोची. ती आल्या आल्या ओरडली आणि ओरडतच नर्सच्या हातात गेली. त्यानंतरचे चार तास आईचे होते. वार मूत्राशयाला चिकटलेली निघाली. तिथेही टाके घालावे लागले. अकरा पिशव्या रक्त चढलं. मधे एकदा सर्जनबाईंचा एक सहकारी बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाला, "अजून दोन लागतील," आणि नवऱ्याने मान वळवली तर भिंतीशी डेपोतले दोघं आधीच बाह्या वर करून उभे. त्यांचा गट जुळत नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी उभे होते. त्या दोन पिशव्या दुसऱ्या गावच्या रक्तपेढीतून आल्या. पाठवणारा कोण, देणारा कोण, आजतागायत माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे डोळे उघडले तेव्हा पायाशी सासूबाई बसल्या होत्या, तिचं पाऊल दोन्ही हातांत घट्ट धरून. जणू सोडलं तर ही उठून जाईल.

"आई," ती पुटपुटली.

"मुलगी आहे," सासूबाई म्हणाल्या. "नाक तुझं. आवाज मात्र माझा." आणि इतका वेळ न रडलेली ती म्हातारी तेव्हा हुंदके देऊन रडली.

घरी यायला तीन आठवडे लागले. त्यातले दोन लघवीची नळी लावून. पिशवी गेल्याचं दुःख तिला झालं नाही असं नाही. एका दुपारी मुलीला पाजता पाजता ती एकदम रडायला लागली. नवऱ्याने घाबरून विचारलं, "अगं, दुखतंय का?" तर म्हणाली, "नाही हो. तिसरं मूल मला नकोच होतं. पण नको असणं वेगळं आणि होणारच नाही हे वेगळं." तो तिच्या शेजारी बसून राहिला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ड्यूटीवर उशिरा पोचला. कंट्रोलरने तक्त्यात तशी नोंद केली नाही.

अंगात जोर आल्यावर काचताईने पहिलं काम केलं ते सोनोग्राफीच्या डॉक्टरकडे जाण्याचं. नंबर लावून बसली, आत गेली. "आज काय तपासायचंय?" त्याने विचारलं. "तुमचा चष्मा," ती म्हणाली. त्याला काही कळायच्या आत तिने स्क्रू पिळला आणि मुलीला पुढे केलं. "तुम्ही दुसऱ्यांदा बघितलंत म्हणून ही आहे. आणि मीही." तो तरुण इतका लाजला की त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

मग ती रक्तपेढीत गेली. तिला अकराच्या अकरा जणांची नावं हवी होती, एकेकाच्या घरी जायचं होतं. तिथल्या तंत्रज्ञबाईंनी मान हलवली. "नावं देता येत नाहीत. नियम आहे. आणि खरं सांगू, देणाऱ्यांनाही माहीत नसतं कुणाला गेलं ते."

"मग मी आभार कुणाचे मानू?"

"जो येईल त्याचे माना," बाई म्हणाल्या, त्यांच्या दृष्टीने विषय मिटवण्यासाठी.

काचताईने ते अक्षरशः घेतलं. पुढच्या रविवारपासून रक्तपेढीच्या बाहेरच्या खोलीत, जिथे रक्त दिल्यावर लोकांना सरबत देतात, तिथे एका कोपऱ्यात तिने छोटं टेबल टाकलं. स्क्रू-ड्रायव्हर, नाकाला टेकणारी रबरी बोंडं, फडकी. रक्त देऊन आलेल्या माणसाच्या डोळ्यांवर चष्मा दिसला की ती हात पुढे करते. "आणा इकडे." लोक विचारतात, कुठल्या संस्थेतर्फे? ती म्हणते, "माझ्यातर्फे." आठ वर्षं झाली. महिन्यातले दोन रविवार ती चुकवत नाही. आणि नवरा, ज्याला पूर्वी इंजेक्शनचं नाव काढलं की घाम फुटायचा, तो वर्षातून तीनदा तिथल्याच खाटेवर पडून छताकडे बघत रक्त देतो.

दुसरी एक गोष्ट तिने बदलली. "छान झालं" म्हणणं तिने सोडलं. पार्लरवालीकडे ती मुद्दाम गेली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पार्लरवाली सगळं ऐकून हळूच म्हणाली, "माझेही टाके उसवले होते गं. मी कुणाला सांगितलंच नव्हतं." दोघी एकमेकींकडे बघून कसनुशा हसल्या.

पण ती कुणाला घाबरवत फिरली नाही. आपल्याला सिझेरियनने मारलं नाही, उलट दुसऱ्या खेपेला वाचवलं, हे ती विसरली नव्हती. गेल्या वर्षी मालक काकांची सून गरोदर होती. बँकेत नोकरी, सगळं वेळच्या वेळी करणारी मुलगी. दुकानात मागच्या खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, "काचताई, मी तारीख घेणार आहे. तुम्ही नको म्हणाल ना?"

"मी हो म्हणणार नाही आणि नकोही म्हणणार नाही. पोट तुझं आहे. पण डॉक्टरकडे जाताना प्रश्न लिहून ने. माझ्या बाबतीत गरज आहे का, ते विचार. किती आठवडे भरल्यावर करणार? मला अजून एखादं मूल हवं असेल तर पुढे काय होऊ शकतं? आणि मी कळांची वाट पाहिली तर दुखणं कमी करायला तुमच्याकडे काय आहे? उत्तरं पूर्ण ऐक. मधे बोलू नकोस. मी बोलले होते."

सुनेने प्रश्न विचारले. पाठीत सुई देऊन कळा सुसह्य करता येतात हे तिला माहीतच नव्हतं. भीती तिला मुळात दुखण्याचीच होती. तिने थांबायचं ठरवलं. दिवस भरले, कळा आल्या, सगळं नीट चाललं होतं, आणि दहाव्या तासाला बाळाचे ठोके मंदावले. डॉक्टरांनी वेळ न दवडता सिझेरियन केलं. मुलगा झाला, तीन किलोंवर.

तिसऱ्या दिवशी काचताई भेटायला गेली, तर सून ओशाळलेली. "शेवटी कापावंच लागलं, काचताई. तुमचं ऐकलं, तरी नाहीच जमलं मला."

"वेडी आहेस का?" काचताई खुर्ची ओढून बसली. "जमलं नाही काय! त्याला गरज होती, आणि डॉक्टर तयार होते. ऑपरेशन असतं कशासाठी? याचसाठी तर असतं. तुझं काही चुकलं नाही. ताप आहे?"

"नाही."

"टाके लाल दिसतायत का? नर्सला विचारलंस?"

"विचारलं. ठीक आहेत म्हणाल्या."

"आणि पुढच्या खेपेला, असली तर, पहिल्या सोनोग्राफीलाच सांगायचं की आधी सिझेरियन झालंय, वार कुठे आहे ते बघा. लिहून ठेव."

"लिहून ठेवलंय," सून म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. "डॉक्टरांनी सांगायच्या आधी मीच विचारलं."

काकांनी नातवाला काचताईच्या मांडीवर ठेवलं. पोरगं झोपेत तोंड वाकडं करत होतं. काचताईने त्याची मूठ सोडवून बोटं मोजली, मग दुसऱ्या हाताची मोजली. काका दारातून म्हणाले, "अगं, दुकान उघडायचंय, दोन चष्मे आज द्यायचेत." ती म्हणाली, "द्यायचेत ना, देऊ की. जरा बसू द्या मला इथे," आणि बसून राहिली.